हुद्द्यावांचून गणवेष

अंगावर सैनिकी पोषाख, परंतु खांद्यावर हुद्द्याचें चिन्ह नाहीं. आणि तो धारण करणारी एक तरुण स्त्री! दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनींतील न्यूरेंबर्ग येथें नाझी पुढाऱ्यांवर खटला चालला, त्या काळच्या छायाचित्रांत अशा स्त्रिया दृष्टीस पडतात. त्या सैनिक नव्हत्या. कोणी दुभाषी, कोणी लघुलेखिका, कोणी वकील. अमेरिकेच्या युद्धखात्याच्या मुलकी नोकर. हुद्द्याच्या जागीं अमेरिकेचीं आद्याक्षरें असलेला त्रिकोणी बिल्ला असे, एवढेंच.

हा वेष शोभेचा नव्हता. १९४५ च्या जानेवारींतील बाँबवर्षावानें जुनें न्यूरेंबर्ग उद्ध्वस्त झालें होतें. राहणें, जेवणें, वाहन, सर्व कांहीं सैन्याच्या हातीं. वेषावांचून परक्या माणसाचा तेथें निभाव लागता ना.

२० नोव्हेंबर १९४५ रोजीं न्यायमंदिराच्या ६०० क्रमांकाच्या दालनांत काम सुरू झालें, तें इंग्रजी, फ्रेंच, रशियन व जर्मन अशा चार भाषांत एकाच वेळीं. आरोपींच्या जवळच, कांचेच्या आडोशामागें दुभाषे बसत. वक्ता फार भरभर बोलूं लागला कीं पिवळा दिवा लागे. तांबडा लागला कीं त्यानें थांबावयाचें. आम्हीं वर्गांत मुलांकडून भाषांतरें पुष्कळ करविलीं, परंतु त्यांस पाटी पुसावयाची तरी सवड असे! जर्मन वाक्यांत क्रियापद पुष्कळदां आपल्या मराठीप्रमाणें शेवटीं येतें, इंग्रजीस तें आधीं हवें. तेव्हां दुभाष्यानें थांबावें किती आणि तर्क करावा किती? त्यांतून वक्त्याचें 'मी' तें दुभाष्याचेंहि 'मी'. जर्मनींतून परागंदा झालेले कित्येक यहुदी या कामावर होते. ज्यांनीं देशोधडीस लावलें, त्यांचें समर्थन स्वतःच्या मुखानें, एक शब्दहि न बदलतां, बोलावयाचें!

एका तरुण दुभाषीस साक्षींतील एक ग्राम्य शब्द उच्चारवेना. तिच्या जागीं दुसऱ्यास बसविण्यांत आलें. तिच्या संकोचाचा आम्हांस आदरच वाटतो. तथापि न्यायासनासमोर साक्ष सोंवळी करून चालत नाहीं, असेंच आमचें मत आहे. ज्याच्या शब्दांवर फांसी अवलंबून, त्याचे शब्द जसेच्या तसे पोंचले पाहिजेत.

सेसिलिया गेट्झ या वकील बाईंची हकीकत निराळीच. नेमणुकीपूर्वीं त्यांच्याकरितां 'अपात्रतेची माफी' मिळवावी लागली. अपात्रता कोणती? तर त्या स्त्री होत्या ही! टेल्फर्ड टेलर यांनीं तीवर सही केली. पुढें ८ डिसेंबर १९४७ रोजीं क्रुप या तोफांच्या कारखानदारांवरील अभियोग सुरू झाला, तेव्हां सरकारपक्षाच्या आरंभीच्या निवेदनाचा कांहीं भाग याच बाईंनीं न्यायासनासमोर वाचला. वेठबिगार व लूट हे त्यांतील मुख्य आरोप. जुलै १९४८ अखेर बारांपैकीं अकरा जण दोषी ठरले. आल्फ्रीड क्रुप यांस बारा वर्षांची शिक्षा झाली; १९५१ च्या आरंभीं त्यांची सुटका झाली आणि जप्त मिळकतहि परत मिळाली.