बँकेत जमा झाली ती विक्री नव्हे

ऑनलाइन विक्रीच्या हिशेबात सर्वांत महाग पडणारा गैरसमज असा, की ॲमेझॉन, फ्लिपकार्ट किंवा मीशोकडून बँकेत जी रक्कम जमा होते तीच आपली विक्री. हा समज कुठे नेतो ते एका कुर्त्याच्या हिशेबात पाहू. कुर्ता १,००० रुपयांचा, त्यावर ५ टक्के जीएसटी, म्हणजे ग्राहकाने दिले १,०५० रुपये. प्लॅटफॉर्मचं कमिशन आणि कुरिअरचा खर्च मिळून २०० रुपये धरू. त्यावर १८ टक्के जीएसटी ३६ रुपये. शिवाय जीएसटी कायद्याखालचा टीसीएस अर्धा टक्का, म्हणजे ५ रुपये (हा दर १० जुलै २०२४ पूर्वी १ टक्का होता), आणि प्राप्तिकराचा टीडीएस ०.१ टक्का, म्हणजे १ रुपया (हाही १ ऑक्टोबर २०२४ पूर्वी १ टक्का होता). बँकेत आले ८०८ रुपये. आता ज्याने हे ८०८ करासकट विक्री म्हणून लिहिले, त्याची करपात्र विक्री झाली ७६९ रुपये ५२ पैसे आणि कर ३८ रुपये ४८ पैसे. विक्री कमी दाखवली गेली, हे उघड आहे. पण त्याचं स्वतःचं नुकसान त्याहून मोठं आहे. नीट लिहिलं असतं तर ५० रुपये करातून कमिशनच्या बिलावरचे ३६ रुपये वजा झाले असते, टीसीएसचे ५ रुपयेही कामी आले असते आणि कापडखरेदीवरची वजावट बाजूला ठेवली तरी खिशातून फक्त ९ रुपये गेले असते. कमिशनचं बिल वहीत आलंच नाही, म्हणून त्याने ३८ रुपये भरले. चुकीचा हिशेब लिहून त्याने कर जास्त भरला, आणि तरीही सरकारदरबारी त्याची विक्री कमीच दिसली.

कमी दिसलेली विक्री लपून राहत नाही. प्लॅटफॉर्म दर महिन्याला जीएसटीआर-८ हे विवरणपत्र भरतो. एका महिन्याचं, पुढच्या महिन्याच्या १० तारखेपर्यंत. त्यात प्रत्येक विक्रेत्याच्या जीएसटी क्रमांकापुढे परत आलेला माल वजा करून उरलेली करपात्र विक्री लिहिलेली असते. आपल्या कुर्त्यापुढे तिथे १,००० असतील. प्राप्तिकर खात्याकडे टीडीएसच्या नोंदीतही तोच आकडा असेल. तुमच्या जीएसटीआर-१ या विक्रीच्या विवरणपत्रात ७६९ असतील, तर या तफावतीचं उत्तर कधी ना कधी द्यावं लागणार, आणि कमी दाखवलेल्या करावर वर्षाला १८ टक्के व्याजही. टीसीएसचे ५ रुपये आपोआप मिळतात, हाही असाच एक समज. जीएसटी पोर्टलवर ती नोंद विक्रेत्याला स्वतः स्वीकारावी लागते, तेव्हा कुठे रक्कम त्याच्या रोख खात्यात येते. एकेका कुर्त्यावर ५ रुपये क्षुल्लक वाटतात. वर्षभराच्या विक्रीवरचा अर्धा टक्का क्षुल्लक नसतो.

अशा चुका टाळायला दुकानाचं सॉफ्टवेअर हिशेबाच्या सॉफ्टवेअरला जोडलं जातं. मुद्दा असा आहे, की ही जोडणी म्हणजे मुळात माहिती इकडून तिकडे नेण्याचं काम नाही. माहिती नेणारी अवजारं, म्हणजे कनेक्टर, बाजारात भरपूर आहेत आणि बरीच चांगलीही आहेत. प्रत्येक आकडा हिशेबाच्या भाषेत नेमका काय आहे, हे मात्र माणसालाच आधी ठरवावं लागतं. म्हणून ‘कनेक्टर घेतला की जोडणी झाली’ हे मला मान्य नाही. वरच्या उदाहरणात योग्य रचना जुनीच आहे, आपल्या वहीखात्यातलीच. प्लॅटफॉर्मच्या नावाने येण्याचं एक खातं उघडायचं. विक्री झाली की ग्राहकाने दिलेली पूर्ण रक्कम, १,०५० रुपये, त्या खात्याच्या नावे. कमिशन, कुरिअर, त्यावरचा जीएसटी, टीसीएस, टीडीएस, बँकेत आलेली रक्कम, हे सगळं त्याच खात्यात जमा, पण समोर प्रत्येकाचं खातं वेगळं. असं लिहिलं की त्या खात्यात जी शिल्लक उरते ती म्हणजे प्लॅटफॉर्मकडे अजून अडकलेले आपले पैसे, आणि ती शिल्लक ऑर्डरनिहाय सांगता आली पाहिजे. प्लॅटफॉर्मने एकदम पाठवलेल्या पैशांच्या एका सेटलमेंटमध्ये कित्येक ऑर्डरी असतात, काही गेल्या महिन्यातल्या, काहींचा परतावा कापलेला, मध्येच जाहिरातीचा खर्च. बँकेतल्या एका ओळीवरून यातलं काहीही कळत नाही. ज्या कनेक्टरला ऑर्डरी आणता येतात पण सेटलमेंटचा तपशील उलगडता येत नाही, त्याने निम्मंच काम केलं, आणि तेही सोपं निम्मं.

स्वतःच्या वेबसाइटवर विकणाऱ्यांना वाटतं, आपल्याला हे काही लागू नाही. स्वतःचाच माल स्वतःच्या साइटवरून विकला तर टीसीएस नाही, हे खरं. पण पेमेंट गेटवे आपलं शुल्क आणि त्यावरचा जीएसटी कापूनच पैसे देतो, आणि कॅश ऑन डिलिव्हरीचे पैसे कुरिअर कंपनी गोळा करून काही दिवसांनी एकत्र पाठवते. येण्याची खाती इथेही लागतातच. एक गेटवेचं, एक कुरिअरचं.

दुसरा रूढ समज: खरी जोडणी म्हणजे प्रत्येक ऑर्डर त्याच क्षणी टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये दिसली पाहिजे. विक्रीची प्रात्यक्षिकं दाखवणारे यावर फार भर देतात, कारण ते पाहायला छान वाटतं. पण इथे दोन वेगळ्या गरजा एकत्र केल्या जातात. मालाचा आकडा ताबडतोब फिरायला हवा, यात शंका नाही. एकच उरलेली साडी दोन प्लॅटफॉर्मवर दोघांना विकली गेली, तर एक ऑर्डर रद्द करावी लागते आणि विक्रेत्याचं मानांकन घसरतं. जमाखर्चाला ती घाई नसते. ऑर्डर म्हणजे विक्री नव्हे; ती रद्द होऊ शकते, पाठवायची राहू शकते. माल निघाला, बिल झालं, की विक्रीची नोंद. आणि तीही दिवसातून एकदा केली तरी चालते. जीएसटीआर-१ मध्ये नोंदणी नसलेल्या ग्राहकांची बहुतेक विक्री राज्यवार आणि दरवार एकत्रच दाखवायची असते. जीएसटी क्रमांक देणाऱ्या ग्राहकांची बिलं, आणि परराज्यातली एक लाखावरची बिलं, तेवढी सुटी. मग हजारो किरकोळ ग्राहकांची नावं खतावणीत भरून ती जड का करायची? ऑर्डरनिहाय तपशील ऑर्डरच्या सॉफ्टवेअरमध्ये जपून ठेवावा, वहीत राज्य आणि दरानुसार दिवसाची एकत्र नोंद घ्यावी. यावर एक आक्षेप रास्त आहे: एकत्र नोंदीतून एखाद्या ग्राहकाची तक्रार शोधायची कशी? त्याचं उत्तर असं, की एकत्र नोंदीला त्या दिवसाच्या ऑर्डरींची यादी जोडलेली हवी आणि दोन्हींची बेरीज पैशापर्यंत जुळायला हवी. ते जमत नसेल तर सुट्या नोंदी कराव्यात. हट्ट कशाचाच नको.

तिसरा समज वस्तूंच्या यादीबद्दलचा, आणि माझ्या मते बहुतेक जोडण्या फसतात त्या इथे. दोन्हीकडे मालाची यादी आहे म्हणजे ती जुळेल, असं गृहीत धरलं जातं. प्रत्यक्षात तोच कुर्ता एका प्लॅटफॉर्मवर एका सांकेतिक क्रमांकाने असतो, दुसऱ्यावर दुसऱ्या. टॅलीत कोणीतरी कधीतरी ‘कुर्ता निळा एल’ लिहून ठेवलेला असतो. आणि सणाच्या दिवसांत कुर्ता-ओढणीचा एकत्र संच विकला जातो, जो गोदामात संच म्हणून नसतोच. संच विकला की दोन्ही वस्तूंचा साठा कमी झाला पाहिजे, हे कोणीतरी सॉफ्टवेअरला सांगावं लागतं. कराचा दरही वस्तूला कायमचा चिकटवून चालत नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून तयार कपड्यांवर नगामागे २,५०० रुपयांपर्यंत ५ टक्के आणि त्यावर १८ टक्के जीएसटी आहे. २,६०० रुपयांच्या ड्रेसवर विक्रेत्याने स्वतः २०० रुपयांची सूट दिली, तर त्याच ड्रेसचा दर १८ वरून ५ वर येतो. वस्तूच्या नोंदीत एकच दर लिहून ठेवणारी जोडणी इथे चुकणारच. सूट प्लॅटफॉर्मने दिली असेल आणि तिची भरपाई विक्रेत्याला मिळत असेल, तर ती तुमच्या विक्रीतून वजा करता येईल का, हा प्रश्न सनदी लेखापालांसोबत बसून आधीच सोडवावा लागतो. तो कनेक्टरच्या सेटिंगमध्ये सुटत नाही.

परत आलेल्या मालाबाबत ‘विक्री उलटी फिरवली की झालं’ असं मानतात. परताव्याचे प्रकार तरी एकसारखे आहेत का? ग्राहकाने दारातच नाकारलेलं पार्सल परत येतं, तेव्हा वस्तू बहुधा चांगली असते. वापरून परत पाठवलेली वस्तू कदाचित विकण्याजोगी नसते. काही वेळा पैसे परत गेलेले असतात आणि माल वाटेतच हरवलेला असतो. विक्रीची बाजू तिन्ही वेळा क्रेडिट नोटने कमी होते, पण साठ्याची बाजू तिन्ही वेळा वेगळी: एकदा चांगल्या मालात, एकदा खराब मालाच्या गोदामात, एकदा कुठेच नाही, उलट प्लॅटफॉर्मकडे भरपाईचा दावा. कमिशनही प्रत्येक वेळी पूर्ण परत मिळतं असं नाही, आणि परतीच्या कुरिअरचा खर्च वर येतो. मार्चमध्ये विकलेला माल एप्रिलमध्ये परत आला तर मार्चची नोंद खोडायची नसते. क्रेडिट नोट एप्रिलची. करात तिचा फायदा घेण्यासाठी कायद्याने आर्थिक वर्ष संपल्यानंतरच्या ३० नोव्हेंबरपर्यंतची मुदत दिली आहे. त्याआधीच वार्षिक विवरणपत्र भरलं तर त्या दिवसापर्यंतच.

बिलांच्या क्रमांकाविषयी थोडक्यात. प्लॅटफॉर्म विक्रेत्याच्या नावाने जे बिल काढतो त्याचा क्रमांक त्याच्या मालिकेतला असतो, वेबसाइटचं बिल वेगळ्या मालिकेतलं. कायदा एकाहून अधिक मालिका चालवू देतो. क्रमांक सलग, १६ अक्षरांच्या आत आणि आर्थिक वर्षात एकमेव हवा, एवढंच. त्यामुळे आयात करताना टॅलीने आपला नवा क्रमांक देणं चूक आहे, ग्राहकाच्या हातातल्या बिलावर जो क्रमांक आहे तोच वहीत यायला हवा. त्याचा दुसरा फायदा असा, की तीच फाइल चुकून दोनदा आयात झाली तर दुहेरी नोंद पकडता येते. टॅलीशी जोडणी करणारी बरीच अवजारं कार्यालयातल्या संगणकावर टॅली उघडं असेल तेव्हाच नोंदी टाकू शकतात, सहसा ९००० क्रमांकाच्या पोर्टवरून. रात्री संगणक बंद, सकाळी पुन्हा प्रयत्न, आणि अर्धी यादी दोनदा, असे घोटाळे यातून होतात. मग ‘सगळं पुसून पुन्हा आयात करू’ ही सवय लागते. कंपनी म्हणून नोंदलेल्या व्यवसायांना ती परवडणारी नाही. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांनी वापरायच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची न पुसता येणारी नोंद राहणं बंधनकारक आहे, आणि लेखापरीक्षकाला त्यावर अहवालात लिहावं लागतं.

गोदामाचा प्रश्न छोटा दिसतो, पण नीट न पाहिल्यास महागात पडतो. सोलापूरच्या विक्रेत्याने प्लॅटफॉर्मच्या भिवंडीच्या गोदामात माल ठेवला, तर ती जागा व्यवसायाची अतिरिक्त जागा म्हणून त्याच्या महाराष्ट्रातल्या नोंदणीत दाखवावी लागते. तोच माल बेंगळुरूच्या गोदामात गेला की कर्नाटकात वेगळी नोंदणी लागते, आणि सोलापूरहून तिकडे पाठवलेल्या मालावर विक्री झालेली नसतानाही कराचं बिल करावं लागतं. टॅलीत ‘बेंगळुरू गोदाम’ असं नाव घालून हे भागत नाही.

यावर कोणी म्हणेल, मग सगळं एकाच सॉफ्टवेअरमध्ये का घेऊ नये? मुंबईच्या फ्रापेचं खुल्या स्रोताचं ईआरपीनेक्स्ट आहे, झोहो बुक्स आहे. साठा, बिलं, हिशेब एकत्र. सल्ला चांगला आहे आणि घरातले सांधे त्याने नक्की कमी होतात. पण प्लॅटफॉर्म तरीही बाहेरच राहतो, त्याचं सेटलमेंट त्याच्याच पद्धतीने येतं, म्हणून ताळ्याचं काम तसंच उरतं. दुसरा आक्षेप लहान विक्रेत्यांचा: दिवसाला चार ऑर्डरी, कशाला हे सगळं? त्यांना कनेक्टर विकत घ्यायची गरज नाही, हे मी बिनधास्त म्हणेन. आठवड्याला एकदा अहवालाची फाइल उतरवून, ठरलेल्या एक्सेल साच्यातून टॅलीत घेणं हीसुद्धा जोडणीच आहे. प्लॅटफॉर्मच्या नावाचं येण्याचं खातं मात्र चार ऑर्डरींनाही लागतं आणि चार हजारांनाही. जोडणी झाली की अकाउंटंट लागणार नाही, या समजाला तर आधार नाही. त्याचं टायपिंग संपतं आणि उरतो तो वेळ न जुळलेल्या ओळी शोधण्यात जातो, जे जास्त कौशल्याचं काम आहे.

जोडणीची सुरुवात १ एप्रिलला करावी असं सुचवतात आणि ते सोयीचं आहे, पण त्या दिवशी पाटी कोरी नसते. मार्चच्या अखेरीस पाठवलेल्या, पैसे न आलेल्या ऑर्डरींची यादी करून तेवढीच रक्कम प्लॅटफॉर्मच्या खात्यात सुरुवातीची शिल्लक म्हणून घ्यावी. एप्रिलचं पहिलं सेटलमेंट बहुतांश त्यांचंच असेल आणि पहिले परतावेही. ती शिल्लक ऑर्डरनिहाय शून्यावर येईपर्यंत जुनी पद्धत बंद करू नये.