वेळ न विसरणारे गजराचे घड्याळ

भिंतीवरील घड्याळ दोन मिनिटे मागे पडले, तर कोणाचे फारसे बिघडत नाही. परंतु परीक्षेच्या दिवशी पहाटे उठू इच्छिणारा विद्यार्थी किंवा पहिल्या गाडीने निघणारा प्रवासी रात्री निर्धास्तपणे डोळे मिटतो, तो उशाजवळच्या घड्याळावर भरवसा ठेवून. मध्यरात्री वीज गेली आणि घड्याळ आपली वेळच विसरले, तर तो भरवसा फोल ठरतो. शाळेच्या प्रयोगशाळेत तयार करता येईल आणि तरीही वेळ विसरणार नाही, असे गजराचे घड्याळ कसे रचावे, याचा विचार येथे केला आहे.

एक कामकरी, एक कालरक्षक

या घड्याळाचे दोन मुख्य घटक असतात. पहिला मायक्रोकंट्रोलर, म्हणजेच सूक्ष्मनियंत्रक. गणना करणारा भाग, स्मृती आणि बाहेरच्या तारांशी संबंध ठेवणारी द्वारे ही सर्व त्याच्या एका लहानशा चिपमध्ये सामावलेली असतात. इटलीतील इव्ह्रेया या गावी २००५ साली सुरू झालेल्या आर्डुइनो प्रकल्पामुळे असे नियंत्रक विद्यार्थ्यांच्या हाती सहज येऊ लागले. आर्डुइनो ऊनोच्या तिसऱ्या आवृत्तीवरील नियंत्रक सेकंदाला १ कोटी ६० लक्ष ठोक्यांच्या गतीने चालतो.

इतका चपळ असूनही वेळ राखण्याचे काम एकट्या त्याच्यावर सोपविणे इष्ट नव्हे. वीज खंडित होताच त्याची चालू स्मृती पुसली जाते आणि वीज परत आल्यावर तो पुन्हा शून्यापासून मोजू लागतो. म्हणून दुसरा घटक आवश्यक ठरतो. तो म्हणजे आरटीसी, अर्थात रिअल-टाइम क्लॉक. नाण्याच्या आकाराच्या एका विद्युत्‌घटावर ही चिप वर्षानुवर्षे सेकंद, मिनिटे, तास, वार व तारीख मोजत राहते. लीप वर्षाचा हिशेबही ती स्वतःच ठेवते.

गारगोटीचा ठोका

लंबकाच्या घड्याळात जे स्थान लंबकाचे, तेच येथे क्वार्ट्‌झच्या, म्हणजे गारगोटीच्या स्फटिकाचे. अशा स्फटिकावर दाब दिला असता विद्युत् उत्पन्न होते, हे प्येर व झाक क्यूरी या बंधूंनी १८८० साली दाखवून दिले. याच्या उलट, विद्युत् दिल्यास स्फटिक कंप पावतो. या गुणाच्या आधारे अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत वॉरन मॅरिसन व जे. डब्ल्यू. हॉर्टन यांनी १९२७ साली पहिले क्वार्ट्‌झ घड्याळ सिद्ध केले.

आरटीसीमधील स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. हा आकडा सहजगत्या निवडलेला नाही. त्याची १५ वेळा निमपट केली की बरोबर १ उरतो. म्हणून साध्या विद्युत्‌मंडलांची साखळी या कंपनांतून नेमका एका सेकंदाचा ठोका काढून देते.

तथापि स्फटिकालाही ऊन-थंडी बाधते. सुमारे २५ अंश सेल्सियस तापमानाला तो सर्वांत वेगाने कंप पावतो. उष्मा वाढो की घटो, त्याची गती मंदावतेच. ४५ अंशांच्या उन्हाळ्यात आणि ५ अंशांच्या हिवाळ्यात, दोन्ही वेळी घड्याळ दिवसाला एक सेकंदाहून थोडे अधिक मागे पडते. यावर उपाय म्हणून डीएस ३२३१ या चिपमध्ये एक तापमापक बसविलेला आहे. दर ६४ सेकंदांनी तापमान पाहून ती आपल्या कंपनांत दुरुस्ती करते. ० ते ४० अंशांच्या दरम्यान तिची चूक दहा लाखांत दोनहून अधिक होत नाही. म्हणजे वर्षाकाठी फार तर एका मिनिटाचा फरक.

जोडणी व आज्ञावली

दोन घटकांमध्ये चार तारा पुरतात : वीजपुरवठ्याची एक, भूमीची एक आणि संदेशाच्या दोन. संदेशांच्या दोहोंपैकी एक तार ताल धरते व दुसरी माहिती वाहते. संदेशात मिनिटांचा दशकाचा अंक व एककाचा अंक वेगवेगळा लिहिलेला असतो. हे ध्यानात न घेता ती संख्या सरळ द्विमान पद्धतीने वाचली, तर ५९ च्या जागी ८९ मिनिटे दिसू लागतात! दशकाचा अंक सुटा करून त्याला दहाने गुणावे व त्यात एकक मिळवावा, हा त्यावरील उपाय.

गजराची वेळही याच चिपमध्ये नोंदविता येते. ती वेळ येताच चिप एक खूण वर करते व नियंत्रकाला इशारा देते. नियंत्रक ट्रान्झिस्टरच्या द्वारे बझर वाजवितो. गजर बंद करताना आज्ञावलीने ती खूण पुसणे अगत्याचे आहे. पुसली नाही, तर इशारा तसाच अडकून राहतो व दुसऱ्या दिवशी नवा गजर होत नाही.

आणखी एक चूक नवशिक्यांकडून वारंवार घडते. प्रारंभी वेळ लावण्याची आज्ञा ते आज्ञावलीत कायमची ठेवून देतात. मग प्रत्येक वेळी वीज परत आली की नियंत्रक तीच जुनी वेळ पुन्हा लावतो, आणि कालरक्षकाची सारी मेहनत व्यर्थ जाते. आपले स्पंदन मध्येच थांबले होते काय, याची नोंद चिप स्वतः ठेवते. ती नोंद तपासावी आणि स्पंदन थांबले असेल, तरच वेळ नव्याने लावावी.

सावधगिरी

बाजारातील काही तयार पट्ट्यांवर पुनःपुन्हा भारित होणाऱ्या घटासाठी भारण-मंडल बसविलेले असते. त्यात साधा सीआर २०३२ घट घालून ५ व्होल्टचा पुरवठा जोडला, तर घट फुगण्याचा वा गळण्याचा संभव असतो. म्हणून योग्य जातीचाच घट वापरावा, किंवा शिक्षकांच्या देखरेखीखाली ते मंडल तोडावे. असे घट लहान मुलांच्या हाती लागू देऊ नयेत. गिळले गेल्यास ते जीवघेणे ठरू शकतात. तसेच हा घट केवळ वेळ राखतो, बझर वाजवीत नाही. वीज नसतानाही गजर व्हावयास हवा असेल, तर संपूर्ण घड्याळाला बॅटरीचा स्वतंत्र आधार द्यावा लागेल.

घड्याळ तयार झाल्यावर त्याची परीक्षा घ्यावी. नवी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेने राखलेल्या भारतीय प्रमाण वेळेशी ते जुळवावे, रात्री मुख्य पुरवठा तोडावा व सकाळी पुन्हा जोडून पाहावे. त्यानंतर तीस दिवस फरकाची नोंद ठेवावी. महिनाअखेर तो पाच-सहा सेकंदांच्या आत राहिला, तर ते घड्याळ परीक्षेच्या आदल्या रात्री उशाशी ठेवण्यास खुशाल पात्र समजावे.