फोन घरात वाजला पाहिजे



आज मी औषधपाण्याविषयी नाही, मोबाईल फोनविषयी लिहिणार आहे. "नर्सबाईंचा आणि मोबाईलचा काय संबंध?" असं तुम्ही विचाराल. संबंध आहे, आणि तो मला चांगलाच धडा मिळून कळला.

दोन वर्षांपूर्वी आम्ही दोघं क्वीन्समधलं अपार्टमेंट सोडून मुलीच्या जवळ राहायला आलो. न्यू जर्सीच्या वायव्येला ससेक्स काउंटी आहे, तिथे. टेकड्या, दाट झाडी, रात्री अंगणात हरणं. जागा फार सुंदर. मोबाईल जुनेच होते आणि कंपनीही जुनीच. क्वीन्समध्ये पंधरा वर्षं त्या कंपनीविषयी आमची काही तक्रार नव्हती. घरचा लँडलाईन मात्र आम्ही निघतानाच बंद केला. "दोन दोन मोबाईल आहेत, मग हे बिल कशाला भरायचं?" असं ह्यांचं म्हणणं पडलं, आणि मलाही ते पटलं.

गेल्या हिवाळ्यात ह्यांची नेहमीची रक्ततपासणी झाली. संध्याकाळी जेवून, फोन उशाशी ठेवून आम्ही झोपलो. सकाळी चहा करायला स्वयंपाकघरात आले आणि हातातला फोन टिंग टिंग वाजू लागला. तीन निरोप! तिन्ही डॉक्टरांच्या ऑफिसातून, आदल्या रात्रीचे. ह्यांच्या रक्तात पोटॅशियम ६.४ आलं होतं, ताबडतोब एमर्जन्सीत या, असा निरोप होता. पोटॅशियम साधारण ३.५ ते ५ असावं लागतं. ते फार वाढलं तर हृदयाचे ठोके बिघडतात, आणि कधी कधी काही त्रास न जाणवताच बिघडतात. हे मी चाळीस वर्षं दुसऱ्यांना समजावत आले होते, आणि माझ्याच उशाशी फोन रात्रभर मुका पडला होता. बेडरूममध्ये त्या कंपनीची रेंजच येत नव्हती. ऑफिसने आमचा दुसरा नंबरही लावून बघितला होता, पण तो क्वीन्सच्या बंद केलेल्या लँडलाईनचा! तो बदलून द्यायचं मीच विसरले होते.

देवाच्या कृपेने वेळेवर पोचलो, उपचार झाले, ब्लड प्रेशरची गोळी बदलली आणि हे बरे झाले. पण त्या दिवशी मी ठरवलं की आता आधी ह्या फोनची नाडी तपासायची.

वाण्याकडचा फोन ते हातातला फोन

मुलांनो, आमच्या लहानपणी मुंबईला अख्ख्या चाळीत फोन एकच असायचा, तोही खाली वाण्याच्या दुकानात. अलिबागला नातेवाइकांशी बोलायचं तर ट्रंक कॉल बुक करून तासन् तास वाट बघायची, आणि कॉल लागला की सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडायचं. मी १९७५ साली अमेरिकेत आले तेव्हा हातात घेऊन फिरायचा फोन दुकानात मिळत नव्हता, पण त्याचा जन्म झालेला होता. ३ एप्रिल १९७३ रोजी मोटोरोला कंपनीचे इंजिनीयर मार्टिन कूपर ह्यांनी मॅनहॅटनमध्ये सिक्स्थ अॅव्हेन्यूवर उभं राहून पहिला कॉल केला. आणि तो केला कुणाला? त्याच शोधामागे लागलेल्या बेल लॅब्जच्या जोएल एंगल ह्यांना! तो फोन किलोपेक्षा जड होता. कूपर ह्यांचे आईवडील युक्रेनहून आलेले ज्यू, तेव्हा आपल्याला थोडा अभिमान वाटायला हरकत नाही. हा फोन बाजारात यायला १९८३ साल उजाडलं, आणि किंमत होती जवळजवळ ४,००० डॉलर. भारतात पहिला मोबाईल कॉल ३१ जुलै १९९५ रोजी झाला. कलकत्त्याहून ज्योती बसू दिल्लीला सुखराम ह्यांच्याशी बोलले.

"सेल फोन" हे नाव कुठून आलं, सांगा बघू? १९४७ साली बेल लॅब्जच्या इंजिनीयरांनी अशी कल्पना मांडली की गावाचे मधाच्या पोळ्यासारखे षटकोनी कप्पे करायचे आणि ह्या छोट्या छोट्या कप्प्यांतून फोनचं काम चालवायचं. कप्पा म्हणजे सेल. गाडीतून जाताना एक मनोरा आपला कॉल दुसऱ्याच्या हाती देतो, तो तिसऱ्याच्या. मनोऱ्यांच्या मध्ये टेकडी आली किंवा मनोरा फार लांब असला, की कॉल हातातून निसटतो. आमच्या घरी हेच होत होतं. क्वीन्समध्ये गल्लोगल्ली मनोरे आणि अँटेना, इथे टेकडीपलीकडे एक.

सगळ्यात चांगली कंपनी कुठली?

हा प्रश्न मला सगळे विचारतात. अहो, ह्याला सगळ्यांसाठी एक उत्तर नाही. एकाचं औषध दुसऱ्याला चालत नाही, तसंच हे. सबंध देशभर स्वतःचं जाळं असलेल्या मोठ्या कंपन्या तीन: व्हेरायझन, एटी अँड टी आणि टी-मोबाईल. पूर्वी स्प्रिंटही होती, ती एप्रिल २०२० मध्ये टी-मोबाईलमध्ये विलीन झाली. बाकी जी नावं दुकानात आणि टीव्हीवर दिसतात, त्यांतल्या बहुतेकांचे स्वतःचे मनोरे नसतात. त्या मोठ्यांच्या मनोऱ्यांवर भाड्याने चालतात. क्रिकेट एटी अँड टीवर चालते, मिंट टी-मोबाईलवर, व्हिजिबल व्हेरायझनवर. त्यांचं बिल बरंच कमी येतं. म्हणून घ्यायच्या आधी एकच विचारा, "तुम्ही कुणाच्या मनोऱ्यावर?" ज्या जाळ्याची रेंज घरात येत नाही, त्याच जाळ्यावरची दुसरी स्वस्त कंपनी घेऊन काही फरक पडायचा नाही. फक्त एक लक्षात ठेवा, मनोऱ्यावर गर्दी झाली की काही स्वस्त प्लॅनवाल्यांचं इंटरनेट मागे पडतं.

टीव्हीवर "फाईव्ह जी, फाईव्ह जी" ऐकून भुलू नका. रेडिओच्या लहरी जितक्या खालच्या पट्टीतल्या, म्हणजे ६०० किंवा ७०० मेगाहर्ट्झच्या आसपासच्या, तितक्या त्या लांब जातात आणि भिंतीतून आत शिरतात. फार वरच्या पट्टीतल्या लहरी वेगवान, पण भिंत आणि झाडं बघून अडतात. शिवाय उष्णता अडवायला नव्या खिडक्यांच्या काचांवर धातूचा पातळ थर असतो, तोही रेंज अडवतो. विटांची भिंत आणि तळघर ह्यांचं तर विचारूच नका.

आम्ही काय केलं

पहिल्यांदा मी कागदावर यादी केली: फोन कुठे कुठे लागलाच पाहिजे? बेडरूम, बाथरूम, तळघरातलं वॉशिंग मशीन, डॉक्टरांकडे जायचा रस्ता, मुलीचं घर. मग शेजाऱ्यांना विचारलं. "रेंज चांगली आहे का?" असं विचारू नका, सगळे "हो" म्हणतात. "तुमच्या तळघरात कॉल तुटतो का?" असं विचारा. आम्हाला सगळ्यात कामाची माहिती आमच्या पोस्टमनने दिली. दिवसभर त्याच रस्त्यांवर हिंडतो, त्याला प्रत्येक वळण ठाऊक!

मग नातीने सरकारी नकाशा उघडून दिला. एफसीसी म्हणजे फोन आणि रेडिओ बघणारं केंद्र सरकारचं खातं. त्यांचा नॅशनल ब्रॉडबँड मॅप नोव्हेंबर २०२२ मध्ये नव्याने आला. त्यात आपला पत्ता घातला की कुठली कंपनी तिथे पोचते असं सांगते ते दिसतं. पण एक गोष्ट नीट समजून घ्या. ही माहिती कंपन्यांनीच दिलेली असते, आणि मोबाईलची रेंज बाहेर उघड्यावर आणि चालत्या गाडीत किती, एवढंच त्यात असतं. तुमच्या बेडरूमचं त्यात काही नाही. नकाशावर आमचं घर तिन्ही कंपन्यांच्या रंगात रंगलेलं होतं!

म्हणून शेवटचा उपाय म्हणजे प्रत्यक्ष तपासणी. मुलांनो, हे काम तुमचं. माझ्या नातीने वहीत घराचा नकाशा काढला आणि मुलीचा, जावयाचा आणि आमचा असे तीन वेगळ्या कंपन्यांचे फोन घेऊन ती खोलीखोलीतून फिरली. वाय-फाय बंद करून! वाय-फाय चालू असलं तर कॉल त्यावरून जाऊ शकतो आणि आपली फसगत होते. प्रत्येक ठिकाणी किती दांड्या दिसतात ते लिहिलं. पण एका कंपनीच्या दोन दांड्या म्हणजे दुसरीच्या दोन दांड्या असं नसतं, तेव्हा नुसत्या दांड्यांवर जाऊ नका. खरोखर फोन लावून बोला, आणि बाहेरून कुणाला तरी त्या फोनवर कॉल करायला सांगा. सकाळी एकदा, रात्री एकदा. स्वयंपाकघरात तिन्ही वाजले. बेडरूममध्ये एकच वाजला. ती कंपनी आम्ही घेतली. कुठली ते मुद्दाम सांगत नाही, कारण तुमच्या बेडरूममध्ये कदाचित दुसरीच वाजेल.

घरात तीन फोन नसतील तर काही कंपन्या आठवडा-महिनाभर फुकट वापरून बघायला देतात. फोन नव्या धाटणीचा आणि अनलॉक असला तर ई-सिमवर हे घरबसल्या होतं. नाहीतर एका महिन्याचं प्रीपेड घ्या. वर्षभराचे पैसे आधी भरू नका.

कंपनी बदलताना जुनं कनेक्शन आधी तोडायचं नाही, बरं का! तोडलं तर नंबर जाऊ शकतो. २००३ सालापासून इथे नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येते. जुन्या कंपनीकडून अकाउंट नंबर आणि ट्रान्सफर पिन घ्या, तो नव्या कंपनीला द्या, बाकीचं त्या बघतील. तो पिन दुसऱ्या कुणालाही फोनवर सांगू नका. ज्यांच्याकडे फार जुने फोन कपाटात पडले आहेत त्यांनी हेही लक्षात घ्यावं की तिन्ही मोठ्या कंपन्यांनी २०२२ मध्ये थ्री जी बंद केलं, तेव्हा ते फोन आता लागायचे नाहीत. उत्पन्न कमी असेल, किंवा मेडिकेड अगर एसएसआय मिळत असेल, तर लाईफलाईन योजनेत फोनच्या बिलात साधारणपणे महिन्याला ९.२५ डॉलरपर्यंत सूट मिळू शकते. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

नऊ-एक-एक आणि आपण

बरेच जण म्हणतात, "रेंज नसली तरी ९११ लागतो." हे अर्धंच खरं आहे. आपल्या कंपनीची रेंज नसली पण दुसऱ्या कंपनीची तिथे असली, तर तिच्या मनोऱ्यावरून ९११ लागू शकतो. कुणाचीच नसली तर काहीच लागत नाही. जानेवारी २००७ मध्ये न्यू यॉर्कच्या एका वयस्कर जोडप्याची गाडी अडिरॉन्डॅक्सच्या डोंगरात नॉर्थवे हमरस्त्यावरून खाली घसरली. हातात मोबाईल होता, पण त्या पट्ट्यात रेंज नव्हती. पती थंडीने गारठून गेले. त्यानंतर तिथे मनोरे उभारण्याच्या कामाला वेग आला. आणि दुसरी अर्धी गोष्ट अशी, की ९११ आपण लावायचा असतो. डॉक्टरांचा फोन आपल्याकडे येण्यासाठी आपल्याच कंपनीची रेंज लागते. आमच्या घरी त्या रात्री नेमकं हेच झालं.

चांगली कंपनी निवडली म्हणून निर्धास्त राहू नका. २०१२ च्या सँडी वादळात तडाखा बसलेल्या भागातले सुमारे २५ टक्के मनोरे बंद पडले होते. २२ फेब्रुवारी २०२४ रोजी एटी अँड टीचं जाळं देशभर कोलमडलं, तेव्हा ९ कोटींहून जास्त कॉल अडले, आणि त्यांत ९११ ला केलेले २५,००० पेक्षा जास्त होते. म्हणून घरात दुसरी वाट हवी. नवरा-बायकोचे फोन दोन वेगळ्या जाळ्यांवर घेता आले तर उत्तम. वाय-फाय कॉलिंग चालू करा, पण त्यात ९११ साठी आपला खरा पत्ता भरायला विसरू नका, कारण त्यावरूनच मदत कुठे पाठवायची ते कळतं. आणि वीज गेली की वाय-फायही जातं, तेव्हा एक पॉवर बँक भरून ठेवा. आमच्याकडे ती शुक्रवारी दुपारी, शब्बाथच्या आधी भरली जाते. जिवावरचा प्रसंग आला तर शब्बाथलाही फोन उचलायचाच, हे आपले वाडवडील सांगून गेले आहेत.

शेवटी एक विनंती. आज हा अंक खाली ठेवलात की उठा, बेडरूममध्ये जा, फोनवरचं वाय-फाय बंद करा आणि मुलाला किंवा नातवंडांना सांगा, "मला कॉल कर." वाजला तर छान, दोन गोड शब्द बोला. नाही वाजला, तर कुठली कंपनी घ्यायची ह्याचा शोध उद्यापासूनच सुरू करा. आणि डॉक्टरांच्या ऑफिसला फोन करून तुमचे दोन्ही नंबर बरोबर लिहिलेले आहेत ना, ते विचारून घ्या. ह्यांच्या वहीत आता तीन आहेत: ह्यांचा, माझा आणि मुलीचा.

सगळे तब्येतीला जपा. शालोम.