तारकायुद्धातील सेनापती आणि प्रकाशाचा वेग

अंतराळातील युद्धाच्या कथांत आणि चित्रपटांत एक प्रसंग हमखास असतो. भल्यामोठ्या काचेच्या खिडकीपुढे आरमाराचा सेनापती उभा असतो. निरनिराळ्या ताऱ्यांजवळ त्याची शेकडो याने पसरलेली असतात. तो हुकूम सोडतो, "डावी फळी पुढे घ्या!" आणि त्याच क्षणी डावी फळी पुढे सरकते. प्रेक्षक टाळ्या वाजवतात. पदार्थविज्ञान शिकवणाऱ्या माणसाला मात्र येथे एक साधा प्रश्न पडतो. हुकूम त्या यानांपर्यंत गेला कसा, आणि किती वेळात?

हा प्रश्न वाटतो तितका नवा नाही. आपल्याच किनाऱ्यावर तो एकदा रक्त सांडून गेला आहे. मराठे आणि इंग्रज यांच्यात साल्बाईचा तह १७ मे १७८२ रोजी झाला. पुण्याहून त्याला मंजुरी मिळायला पुढचे वर्ष उजाडले. एप्रिल १७८३ मध्ये पेशव्यांच्या आरमाराचे प्रमुख आनंदराव धुळप यांच्या गलबतांनी विजयदुर्गाजवळ इंग्रजांचे 'रेंजर' हे जहाज गाठले आणि घनघोर लढाई करून ते काबीज केले. कागदावर तह झाला होता, पाण्यावर मात्र लढाई चालू होती.

त्याच वर्षी पूर्व किनाऱ्यावर याहून मोठा प्रकार घडला. २० जून १७८३ रोजी कडलूरच्या समुद्रात फ्रेंच नौसेनापती सुफ्राँ आणि इंग्रज नौसेनापती ह्यूज यांची गाठ पडली. एकाकडे १५ युद्धनौका होत्या, दुसऱ्याकडे १८. दोन्हीकडची मिळून सुमारे दोनशे माणसे कामास आली. आता तारीख नीट पाहा. इंग्लंड आणि फ्रान्स यांच्यात तहाच्या कलमांवर व्हर्साय येथे सह्या झाल्या होत्या त्या २० जानेवारी १७८३ रोजी, म्हणजे बरोबर पाच महिने आधी! तहाची बातमी आफ्रिकेला वळसा घालून शिडाच्या जहाजातून येत होती आणि ती लढाईनंतर, जून संपता संपता पोचली. सुफ्राँ आणि ह्यूज हे दोघेही कसलेले दर्यावर्दी होते. त्यांचे काही चुकले नाही. संपलेले युद्ध ते लढत होते, एवढेच.

पानिपतची लढाई १४ जानेवारी १७६१ ची. उत्तरेकडे निघालेल्या नानासाहेब पेशव्यांना तिची बातमी माळव्यात भेलसा येथे मिळाली, तोपर्यंत सुमारे दहा दिवस उलटले होते. ते दहा दिवस ते मदत घेऊन निघाल्यासारखेच चालत होते.

पुढे तारायंत्र आले, मग बिनतारी संदेश आला, आणि बातमीला वेळ लागतो ही गोष्टच आपण विसरून गेलो. बिनतारी लहरी आणि प्रकाश एकाच वेगाने जातात, सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर. धाराशिवहून मुंबईला संदेश जायला सेकंदाचा हजारावा भाग लागतो. चंद्रापर्यंत सव्वा सेकंद, सूर्यापर्यंत ८ मिनिटे २० सेकंद. येथपर्यंत सेनापतीचे काम कसेबसे चालेल. ताऱ्यांच्या प्रदेशात शिरलो की हिशेब एकदम बदलतो.

हिवाळ्यात रात्री दक्षिणेकडे लखलखणारा व्याध तारा तुम्ही पाहिलाच असेल. तो आपल्या शेजारचा मानला जातो. त्याचे अंतर सुमारे ८.६ प्रकाशवर्षे, म्हणजे प्रकाशालाच तेथे पोचायला ८.६ वर्षे हवीत. समजा, आपले आरमार व्याधापाशी आहे आणि आठवीतल्या एका मुलाने त्याला विचारले, "तुमची खुशाली कळवा." उत्तर येईल तेव्हा तो मुलगा तिशीचा झालेला असेल. अशा आरमाराला "डावी फळी पुढे घ्या" असा हुकूम देण्यात काय अर्थ आहे?

आता शत्रूच्या बाजूने विचार करू या. येथे वही-पेन्सिल घ्यावी, कारण उत्तर मोठे चमत्कारिक येते. शत्रूचा तळ १० प्रकाशवर्षांवर आहे आणि त्याचे आरमार प्रकाशाच्या ०.९ पट वेगाने आपल्याकडे निघाले, असे धरा. आपल्यापर्यंत यायला त्याला १० भागिले ०.९, म्हणजे ११.१ वर्षे लागतील. तयारीला अकरा वर्षे मिळाली, असे कोणी म्हणेल. पण आरमार निघाल्याचे दृश्य घेऊन येणारा प्रकाशही त्याच क्षणी निघाला आणि त्याला वाटेत १० वर्षे लागली. म्हणजे शत्रू निघाल्याचे आपल्याला दिसते तेव्हा तो जेमतेम सव्वा वर्षाच्या आत दारात उभा राहणार असतो. वेग ०.९९ पट धरला तर हाती सुमारे ३७ दिवस उरतात. वेग जितका प्रकाशाच्या जवळ, तितका शत्रू आपल्याच प्रतिमेच्या पाठीला लागून येतो. ०.५ पट वेगाचे गणित तुम्ही करून पाहा, म्हणजे फरक लक्षात येईल.

आणि असे आरमार अडवायचे तरी कशाने? प्रकाशाच्या एकदशांश वेगाने जाणाऱ्या एक किलो वजनाच्या दगडाची गतिज ऊर्जा काढा. अर्धे गुणिले वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग. उत्तर येते ४५० लाख कोटी ज्यूल. हिरोशिमावर पडलेल्या बाँबच्या सुमारे सातपट! तोफा आणि किरणशलाका कशाला हव्यात, एक वरवंटा पुरे. शिवाय समुद्रातल्या नौकेप्रमाणे या यानाला सुकाणू फिरवून वळता येत नाही, कारण टेकायला पाणी नाही. आपल्याला पृथ्वीवर जाणवते तेवढ्याच त्वरणाने यान चालवले, तर एकदशांश वेग गाठायला सुमारे ३५ दिवस आणि थांबायला आणखी ३५ दिवस लागतील. चित्रपटातील गिरक्या विसराव्यात हे बरे.

दूरचे पाहणे म्हणजे जुने पाहणे, ही गोष्ट आमच्या भागातल्या विद्यार्थ्यांना मी सास्तूरच्या उदाहरणाने सांगतो. लोहारा तालुक्यातले हे गाव ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपात जमीनदोस्त झालेल्या गावांपैकी एक. दगडमातीच्या भिंती आणि वरच्या मातीच्या जड छपरांनी या परिसरात हजारो माणसांचा जीव घेतला. मिथुन राशीतला पुनर्वसूचा अधिक तेजस्वी तारा आपल्यापासून सुमारे ३४ प्रकाशवर्षे दूर आहे. तेथे एखादा सेनापती प्रचंड दुर्बीण लावून बसला आहे, असे समजा. (सास्तूरचे एक घर वेगळे दिसण्यासाठी त्या दुर्बिणीचा आरसा कोटी-दोन कोटी किलोमीटर व्यासाचा लागेल. कल्पनेत तो बसवायला पैसे पडत नाहीत.) आज त्याला काय दिसत असेल? जुने सास्तूर. उभे वाडे, गल्ल्या, धाब्याची घरे. २०२७ च्या सुमारास त्याला २९ सप्टेंबर १९९३ चा दिवस दिसेल. त्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. विसर्जनाच्या मिरवणुका त्याला दिसतील. रात्री लोक थकून घरी जाऊन झोपतील. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी काय होणार, याची त्याला गंधवार्ता नसेल, आणि कळेल तेव्हा त्याने तत्काळ पाठवलेला मदतीचा संदेशसुद्धा येथे पोचायला २०६१ साल उजाडेल. हे सांगितल्यावर वर्गात थोडा वेळ कोणी बोलत नाही. त्या मुलांच्या घरी ती रात्र अजून बोलली जाते.

विज्ञानकथा लिहिणाऱ्यांना ही अडचण ठाऊक नाही असे नाही. अमेरिकन लेखिका अर्सुला ले ग्विन यांनी १९६६ मधील एका कादंबरीत 'अँसिबल' नावाचे यंत्र कल्पिले. कितीही अंतर असो, त्याचा संदेश क्षणात पोचतो. ऑर्सन स्कॉट कार्ड यांनी १९८५ च्या 'एंडर्स गेम' या कादंबरीत तेच नाव उचलले आणि एका मुलाच्या हाती दूरच्या ताऱ्यांजवळचे सबंध आरमार दिले. कथा रंगते, यात शंका नाही. पण आइनस्टाइनच्या सापेक्षता सिद्धांतात अशा यंत्राला जागा नाही. प्रकाशापेक्षा वेगवान संदेश शक्य झाला, तर काही निरीक्षकांच्या दृष्टीने तो पाठवण्यापूर्वीच पोचलेला असेल, आणि मग आजच्या लढाईचा निकाल कालच सेनापतीला कळवता येईल!

मला स्वतःला जो हाल्डमन यांची १९७४ ची 'द फॉरएव्हर वॉर' अधिक प्रामाणिक वाटते. हाल्डमन पदार्थविज्ञान आणि खगोलशास्त्र शिकलेले होते आणि व्हिएतनामच्या युद्धात लढलेले होते. त्यांचे सैनिक प्रकाशाच्या जवळच्या वेगाने प्रवास करतात, त्यामुळे त्यांची घड्याळे पृथ्वीच्या मानाने सावकाश चालतात. आपलेच वरचे उदाहरण घ्या. ०.९ पट वेगाने येणाऱ्या आरमाराला आपल्या घड्याळाने ११.१ वर्षे लागली, पण यानातल्या घड्याळाने ५ वर्षेसुद्धा पुरी झाली नाहीत. सैनिक परततो तेव्हा त्याचा धाकटा भाऊ त्याच्याहून थोरला झालेला असतो, आणि ज्या कारणासाठी युद्ध सुरू झाले ते कोणाला आठवतही नसते.

तर मग असे आरमार चालवायचे कसे? सुफ्राँच्या काळी चालवीत तसेच. निघताना सविस्तर सूचना द्यायच्या आणि पुढचे जागेवरच्या माणसाच्या बुद्धीवर सोडायचे. आपल्या शास्त्रज्ञांनी हे प्रत्यक्ष करून दाखवले आहे, सुदैवाने युद्धासाठी नव्हे. २४ सप्टेंबर २०१४ रोजी मंगळयान मंगळाच्या कक्षेत शिरायचे होते. अंतर सुमारे २२ कोटी किलोमीटर, संदेशाला एका बाजूने साडेबारा मिनिटांच्या आसपास वेळ. मुख्य इंजिन सुमारे २४ मिनिटे चालायचे होते आणि त्यातला काही काळ यान मंगळाच्या आड असणार होते. काही बिघडले तर बंगळूरहून हुकूम देऊन उपयोग नव्हता. म्हणून सगळे हुकूम आधीच यानाच्या संगणकात भरून ठेवले होते, आणि एखादी गोष्ट बिनसली तर काय करायचे हेही त्यालाच सांगून ठेवले होते.

याहून लांबचा खलाशी म्हणजे व्हॉयेजर २. जुलै २०२३ मध्ये पृथ्वीवरून गेलेल्या एका चुकीच्या आदेशामुळे त्याचा अँटेना दोन अंशांनी भलतीकडे वळला आणि संपर्क तुटला. यान सुमारे १९९० कोटी किलोमीटरवर. ऑस्ट्रेलियातील कॅनबेरा येथील केंद्राने जोरदार संदेश सोडला, तो पोचायला साडेअठरा तास, आणि तो ऐकला गेला की नाही हे कळायला आणखी साडेअठरा तास. ४ ऑगस्टला यान पुन्हा बोलू लागले.

त्या सकाळी बंगळूरच्या नियंत्रणकक्षातील माणसेही अशीच बसून होती. मंगळयानाचे इंजिन पेटून बंद झाले, यान कक्षेत गेलेसुद्धा, आणि ती सारी मंडळी पडद्याकडे पाहत बारा मिनिटांपूर्वीच्या मंगळाची वाट पाहत होती.