श्वासाचा भाता

लोहाराचा भाता तुम्ही पाहिला आहे. भाता फुगला की हवा आत शिरते, दाबला की फुंकर बाहेर पडते. पण भात्याच्या कातड्याला स्वतःचं बळ नसतं. बळ ओढणाऱ्या हाताचं. आपल्या फुप्फुसांचंही तसंच आहे. ती आपण होऊन फुगत नाहीत. बरगड्यांचे स्नायू आणि छातीखालचा पडदा त्यांना ओढतात, तेव्हा हवा आत येते. आपण झोपलो तरी हे काम चालूच असतं.

हा हातच लुळा पडला तर? फुप्फुसं धड आहेत, काळीज चालू आहे, पण भाता ओढणारा कोणी नाही. काही मिनिटांत माणूस जातो.

अशा वेळी इस्पितळात व्हेंटिलेटर नावाचं यंत्र लावतात. २०२० आणि २०२१ साली करोनाच्या साथीत हा शब्द घरोघर गेला. “मशीनवर घातलं, म्हणजे संपलंच,” असं पुष्कळ लोक म्हणू लागले. त्यांचं भय आम्हांला कळतं. त्या वेळी मशीनवर गेलेले पुष्कळ लोक परत आले नाहीत. पण हे यंत्र काय करतं आणि काय करत नाही, ते समजून घेतलं पाहिजे. त्यासाठी थोडं मागं जाऊ.

युरोपात डेन्मार्क नावाचा लहान देश आहे. तिथल्या कोपनहेगन शहरात १९५२ साली पोलिओची मोठी साथ आली. पोलिओ म्हणजे पोरांचे पाय लुळे पाडणारा रोग. या साथीत कित्येकांच्या छातीचे स्नायूही लुळे पडले. ब्लेगडाम इस्पितळात रोग्यांची रीघ लागली. त्या काळी अशा रोग्याला लोखंडी पेटीत ठेवत. डोकं बाहेर, बाकी अंग पेटीत. पेटीतली हवा ओढून घेतली की छाती फुगे. पण इस्पितळात अशी पेटी एकच होती. छातीवर बसवायची लहान यंत्रं होती सहा. श्वास अडलेले पहिले ३१ रोगी आले, त्यांतले २७ दगावले.

ब्यॉर्न इब्सेन हे भूल देणारे डॉक्टर. शस्त्रक्रियेच्या वेळी रबरी पिशवी हातानं दाबून रोग्याच्या छातीत हवा भरायची त्यांना सवय होती. तेच इथं करून पाहू, असं त्यांनी ठरवलं. २७ ऑगस्टला बारा वर्षांची एक मुलगी अगदी शेवटाला आली होती. तिच्या गळ्याला छेद देऊन श्वासनळीत नळी घातली. नळीला पिशवी जोडली. मुलगी धडपडू लागली. हवा काही आत जाईना. इब्सेन यांनी तिला गुंगीचं औषध दिलं. धडपड थांबली, हवा आत जाऊ लागली, अंगाचा रंग परतला. मुलगी जगली.

पण प्रत्येक रोग्याची पिशवी दाबायची कोणी? तीही रात्रंदिवस, आठवडेच्या आठवडे! मग डॉक्टरकी शिकणारी पोरं बोलावली. सुमारे १५०० विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून पिशव्या दाबल्या. एका वेळी ७० रोगी या हातांवर जगत होते. आधी दहांतले जवळजवळ नऊ जात. आता निम्म्याहून अधिक वाचू लागले. आणि पिशवीत औषध का होतं? नुसती हवा आणि प्राणवायू.

आजचा व्हेंटिलेटर त्या पोरांच्या हातांचंच काम करतो. मिनिटाला किती वेळा, किती हवा, किती प्राणवायू, हे डॉक्टर ठरवून देतात. नळी बहुधा तोंडातून घालतात, म्हणून रोग्याला बोलता येत नाही. यंत्र रोग बरा करत नाही. ते वेळ मिळवून देतं. तेवढ्या वेळात शरीर सावरलं, तर माणूस परततो. करोनात ओढणारा हात नव्हे, भाताच खराब झाला होता. म्हणून तिथं यश कमी आलं. शिवाय फार दिवस नळी राहिली तर छातीत नवा आजार होतो, स्नायू दुबळे होतात. तेव्हा घरच्यांनी डॉक्टरांना सरळ विचारावं, “श्वास कशानं अडला? तो दुरुस्त होण्याजोगा आहे का?”

आता आपल्या शिवारातली गोष्ट. मण्यार साप रात्री फिरतो. जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावतो. खूण दिसत नाही, दुखतही फारसं नाही. कित्येकांच्या पोटात मात्र कळा येतात. पुढं पापण्या मिटू लागतात, बोलणं जड होतं, गिळवत नाही. मग श्वास मंदावतो. इथं भाता धड असतो, हात तेवढा विषानं लुळा पडलेला. सापाच्या विषावरचं इंजेक्शन लागतंच. पण लुळेपणा जायला कधी कधी काही दिवस लागतात. तोवर यंत्रानं श्वास दिला, तर असा माणूस उठून चालत घरी येऊ शकतो. मांत्रिकाकडे घालवलेला तास मात्र परत मिळत नाही.

आणखी एक ध्यानात ठेवा. असा रोगी मेल्यासारखा दिसतो. डोळे उघडत नाहीत, बोट हलत नाही. पण आत तो जागा असू शकतो. आपलं बोलणं ऐकत असतो. त्याच्याजवळ रडारड करू नये, नावानं हाक मारावी.

१०८ ला फोन करा. श्वास मंदावला असेल तर ते आधी सांगा. गाडीत आपोआप फुगणारी पिशवी असते, तिला अंबू म्हणतात. तीही १९५६ साली डेन्मार्कातच निघाली. वाटेत डॉक्टर ती नातेवाइकाच्या हाती देऊन दाबायला सांगतील, तर घाबरू नका. मोठ्या माणसाला दर पाच-सहा सेकंदांनी एकदा, सावकाश. छाती वर आलेली दिसली पाहिजे. ती खाली बसू द्यायची, मग पुन्हा दाबायची.