कापसाच्या रानातून विजेतेपदाकडे : एका महिला बास्केटबॉल संघाची कथा आणि धारूरचा प्रश्न

खास प्रतिनिधी

दसरा सरला की बालाघाटाच्या डोंगररांगांतील वाड्या-तांड्यांवरून ऊसतोडणीच्या टोळ्या हलू लागतात. धारूर तालुकाही त्याला अपवाद नाही. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडण्यासाठी नवरा-बायकोची जोडी, म्हणजेच एक 'कोयता', पश्चिम महाराष्ट्र किंवा कर्नाटकातील साखर कारखान्यांची वाट धरते आणि थेट उन्हाळ्याच्या तोंडावर परतते. नेमक्या याच सुमारास महाविद्यालयांच्या सूचनाफलकांवर आंतरमहाविद्यालयीन क्रीडा स्पर्धांची वेळापत्रके झळकत असतात. अशा घरातील महाविद्यालयीन मुलीने त्या वेळी मैदानावर जायचे, फडावर जायचे की मागे राहिलेल्या धाकट्या भावंडांना सांभाळायचे, याचा निर्णय तिची उंची, वेग किंवा नेमबाजी पाहून होत नाही.

गुणवत्ता आहे, पण तिच्यापर्यंत संधीच पोहोचत नाही, ही तक्रार ग्रामीण क्रीडाक्षेत्रात नवी नाही. तिचे उत्तर शोधताना एका दूरच्या विद्यापीठाचा इतिहास उपयोगी पडतो. अमेरिकेच्या मिसिसिपी राज्यात क्लीव्हलंड नावाचे एक लहान शहर आहे. सभोवार कापसाची शेते आणि बहुसंख्य कष्टकरी वस्ती. तेथील डेल्टा स्टेट विद्यापीठाच्या महिला बास्केटबॉल संघाने १९७५ ते १९७७ अशी सलग तीन वर्षे राष्ट्रीय विजेतेपद पटकावले. त्याआधी मात्र तब्बल ४१ वर्षे त्या संस्थेत मुलींचा संघच नव्हता. संघ का बंद पडला आणि कशामुळे पुन्हा उभा राहिला, हे समजून घेण्यासाठी प्रथम या खेळाच्या जन्माकडे वळावे लागते.

महाविद्यालयात जन्मलेला खेळ

डिसेंबर १८९१ मध्ये डॉ. जेम्स नेस्मिथ या शिक्षकाने अमेरिकेतील स्प्रिंगफिल्ड येथे बास्केटबॉलचा शोध लावला. हिवाळ्यात बंदिस्त व्यायामशाळेत खेळता येईल असा खेळ त्यांना हवा होता. दहा फूट उंचीवर पीच फळांच्या दोन टोपल्या टांगून आणि तेरा नियम लिहून त्यांनी तो सुरू केला. अवघ्या काही आठवड्यांत परिसरातील शिक्षिकांनीही खेळण्याची इच्छा व्यक्त केली. पहिल्या महिला खेळाडूंपैकी एक असलेल्या मॉड शेरमन पुढे नेस्मिथ यांच्या पत्नी झाल्या.

जवळच्याच स्मिथ महाविद्यालयात सेंडा बेरेन्सन या व्यायामशिक्षिकेने १८९२ मध्ये हा खेळ विद्यार्थिनींसाठी आणला. २२ मार्च १८९३ रोजी तेथे दोन वर्गांत सामना झाला, तेव्हा पुरुषांना प्रवेश नव्हता. अतिश्रमाने मुलींची प्रकृती बिघडेल, ही त्या काळची सार्वत्रिक समजूत होती. त्यामुळे बेरेन्सन यांनी नियम बदलले. मैदानाचे तीन भाग पाडले गेले आणि प्रत्येक खेळाडूला आपल्या भागाची सीमा ओलांडण्यास मनाई झाली. प्रतिस्पर्ध्याच्या हातातून चेंडू हिसकावणे वर्ज्य ठरले. चेंडू तीनपेक्षा अधिक वेळा आपटता येत नसे.

या नियमांकडे आज बंधने म्हणून पाहिले जाते आणि ती बंधने होतीच. परंतु समाजाचा विरोध पत्करून मुलींना मैदानावर आणण्याची किंमतही त्यांतूनच चुकवली गेली, हे विसरता येत नाही. ४ एप्रिल १८९६ रोजी स्टॅनफर्ड आणि कॅलिफोर्निया या दोन विद्यापीठांच्या मुली सॅन फ्रान्सिस्को येथे एकमेकींविरुद्ध खेळल्या. महिलांचा हा पहिला आंतरमहाविद्यालयीन सामना स्टॅनफर्डने २-१ असा जिंकला. तेथेही प्रेक्षकांत केवळ स्त्रियाच होत्या.

गणवेश जाळले गेले तो दिवस

विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात वारे उलटे फिरले. मुलींनी खेळावे, पण चुरशीने नव्हे, असा आग्रह अमेरिकेतील शारीरिक शिक्षणाच्या क्षेत्रात बळावला. अनेक महाविद्यालयांनी आपापले संघ मोडून 'प्ले डे' नावाचे मेळावे भरवायला सुरुवात केली. निरनिराळ्या महाविद्यालयांच्या मुलींना एकत्र मिसळून संघ केले जात, जेणेकरून कोणतीच संस्था जिंकू नये किंवा हरू नये.

डेल्टा स्टेटवरही हीच पाळी आली. मार्गारेट वेड ही तेथील संघाची कर्णधार होती. १९३२ मध्ये, हा खेळ तरुण मुलींना झेपणारा नाही, असे कारण देऊन संघ बंद करण्यात आला. मुली रडल्या आणि त्यांनी आपले गणवेश जाळून टाकले. वेड यांनी मात्र खेळ सोडला नाही. क्लीव्हलंडच्याच शाळेत त्यांनी एकोणीस वर्षे मुलींना शिकवले आणि साडेचारशेहून अधिक सामने जिंकून दिले. पुढे त्या डेल्टा स्टेटमध्येच महिलांच्या शारीरिक शिक्षणाचे काम पाहू लागल्या.

दरम्यान खेळाचे नियम सैल होत गेले. १९३८ मध्ये मैदानाचे तीनऐवजी दोन भाग झाले. १९७१ मध्ये अमेरिकी महाविद्यालयांतील मुलींना पुरुषांप्रमाणे पाच खेळाडूंचा, संपूर्ण मैदानावरचा खेळ अधिकृतपणे खुला झाला. बेरेन्सन यांनी आखलेली सीमारेषा पुसली जायला जवळजवळ ऐंशी वर्षे लागली.

२३ जून १९७२ रोजी अमेरिकेत 'टायटल नाइन' या नावाने ओळखला जाणारा कायदा अस्तित्वात आला. सरकारी अनुदान घेणाऱ्या शिक्षणसंस्थांना लिंगभेद करता येणार नाही, असे त्याने बजावले. कायद्याच्या या मूळ कलमात खेळाचा उल्लेखही नाही. तरीही शिक्षणातील समानतेत मैदानही येते, हे हळूहळू मान्य झाले. १९७३ मध्ये डेल्टा स्टेटने महिला संघ पुन्हा सुरू करण्याचे ठरवले आणि प्रशिक्षकपद साठी ओलांडलेल्या मार्गारेट वेड यांच्याकडे सोपवले.

कापूस वेचणारी मुलगी

वेड यांना शेजारच्या गावातच हिरा गवसला. ल्युसिया हॅरिस ही मिंटर सिटी या खेड्यातील शेतकरी कुटुंबातील मुलगी. अकरा भावंडांत दहावी. लहानपणी तिने शेतात कापूस वेचला होता. रात्री आई-वडील झोपल्यावर अंगावर चादर ओढून ती दूरचित्रवाणीवर बास्केटबॉलचे सामने पाहत असे. सहा फूट तीन इंच उंचीची ही मुलगी डेल्टा स्टेटमध्ये आली आणि संघाचा कायापालट झाला.

१९७४-७५ च्या मोसमात संघाने २८ पैकी २८ सामने जिंकले. अंतिम फेरीत त्यांच्यासमोर होता त्याआधीची तीनही वर्षे विजेता ठरलेला पेनसिल्व्हानियातील इमॅक्युलाटा महाविद्यालयाचा संघ. डेल्टा स्टेटने तो सामना ९०-८१ असा जिंकला. १९७६ आणि १९७७ मध्येही विजेतेपद त्यांच्याकडेच राहिले. महिला बास्केटबॉलला ऑलिम्पिकमध्ये प्रथम स्थान मिळाले ते १९७६ च्या मॉन्ट्रियल स्पर्धेत. पुरुषांचा खेळ तेथे १९३६ पासूनच होता. मॉन्ट्रियलमध्ये महिलांच्या ऑलिम्पिक बास्केटबॉलमधील पहिला गुण नोंदला गेला तो ल्युसिया हॅरिसच्या नावावर.

वेड यांचा १९८५ मध्ये नेस्मिथ यांच्या नावाने असलेल्या बास्केटबॉलच्या सन्मान दालनात समावेश झाला. त्याच वर्षी सेंडा बेरेन्सन यांनाही मरणोत्तर तो मान मिळाला. हॅरिस १९९२ मध्ये तेथे पोहोचल्या. १९३२ मध्ये संघ बंद पडला तेव्हा त्या भागात गुणी मुली नव्हत्या, असे कोण म्हणेल? १९३२ आणि १९७३ यांच्यात मुली बदलल्या नाहीत. बदलले ते नियम, कायदा आणि संस्थेची इच्छा.

आपल्याकडची शिडी

भारतात बास्केटबॉल रुजवला तो प्रामुख्याने वायएमसीए या संस्थेने. हॅरी बक यांनी १९२० मध्ये मद्रास येथे सुरू केलेल्या शारीरिक शिक्षण महाविद्यालयातून तयार झालेल्या शिक्षकांनी हा खेळ देशभर नेला. पुरुषांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९३४ मध्ये झाली, तर राष्ट्रीय महासंघ १९५० मध्ये स्थापन झाला. अलीकडच्या काळात प्रशांती सिंग (२०१९) आणि अनिता पॉलदुराई (२०२१) या खेळाडूंना पद्मश्री मिळाली. पुण्याच्या शिरीन लिमये हिने भारतीय महिला संघाचे नेतृत्व केले.

विद्यापीठ पातळीवरची रचना शिडीसारखी आहे. महाविद्यालयाचा संघ आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत खेळतो. तेथील कामगिरी आणि निवड चाचणी यांवरून विद्यापीठाचा संघ ठरतो. सराव शिबिरानंतर हा संघ भारतीय विद्यापीठ संघाच्या पश्चिम विभागीय स्पर्धेत उतरतो आणि तेथे अव्वल ठरलेले संघ अखिल भारतीय आंतरविद्यापीठ स्पर्धेस पात्र होतात. २०२० मध्ये भुवनेश्वर येथे सुरू झालेल्या 'खेलो इंडिया' विद्यापीठ स्पर्धांमुळे या शिडीला आणखी एक पायरी जोडली गेली. महाराष्ट्रात गुणवान खेळाडूंसाठी शासकीय नोकऱ्यांत ५ टक्के आरक्षण आहे. त्यामुळे या शिडीची वरची टोके केवळ पदकांपाशी संपत नाहीत, ती पोटापाण्यापर्यंत जातात.

धारूरची महाविद्यालये ज्या विद्यापीठाच्या कक्षेत येतात, त्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाची स्थापना २३ ऑगस्ट १९५८ ची. १९९४ मध्ये नांदेडचे स्वतंत्र विद्यापीठ झाल्यानंतर त्याच्याकडे आजचे छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड आणि धाराशिव हे चार जिल्हे राहिले. शिडी येथेही आहे. अडचण पहिल्या पायरीची आहे.

वेळापत्रकाची सीमारेषा

आंतरमहाविद्यालयीन आणि विभागीय स्पर्धांचा मोसम साधारणपणे पावसाळ्याच्या अखेरीपासून हिवाळ्यापर्यंत चालतो. ऊसतोडणीचा हंगामही ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्येच सुरू होतो. बेरेन्सन यांनी मैदानावर रेघ ओढली होती. येथे ती दिनदर्शिकेवर ओढली गेली आहे, इतकाच फरक. त्यातच राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) बीड जिल्ह्यात २० ते २४ वयोगटातील दर १० स्त्रियांपैकी चारहून अधिक जणींचा विवाह अठरा वर्षे पूर्ण होण्याआधीच झालेला होता. मुलीला एकटीला मागे ठेवून फडावर जाण्याची धास्ती हे त्यामागचे एक ठळक कारण मानले जाते. म्हणजे ज्या वयात विद्यापीठाचा संघ निवडला जातो, त्या वयापर्यंत अनेक मुली महाविद्यालयातच पोहोचत नाहीत.

यावर उपाय अशक्य कोटीतील नाहीत. पहिला उपाय निवाऱ्याचा. ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी राज्य शासनाने २०२१ मध्ये संत भगवानबाबा यांच्या नावाने वसतिगृह योजना मंजूर केली. अशा वसतिगृहालगत एखादे मैदान असेल, तर मुलीचे शिक्षण आणि सराव दोन्ही एकाच ठिकाणी सुरू राहू शकतात. दुसरा उपाय वेळापत्रकाचा. तालुका पातळीवरील निवड चाचण्या टोळ्या निघण्यापूर्वी, ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये उरकता येतील. तिसरा उपाय खेळाच्या स्वरूपातच दडलेला आहे. टोकियो ऑलिम्पिकमध्ये २०२१ साली पदार्पण केलेल्या 'तीन विरुद्ध तीन' बास्केटबॉलला एकच रिंग आणि १५ बाय ११ मीटरची जागा पुरते. संघात राखीव खेळाडू धरून चारच जणी लागतात. २८ बाय १५ मीटरचे पूर्ण मैदान आणि बारा जणींचा संघ उभा करणे ज्या लहान महाविद्यालयाला जड जाते, त्याला ही सुरुवात परवडणारी आहे.

बीडच्या मातीत कस नाही, असे कोणी म्हणू शकणार नाही. १९ जानेवारी २०२५ रोजी दिल्लीत पहिली खो-खो विश्वचषक स्पर्धा जिंकणाऱ्या भारतीय महिला संघाची कर्णधार प्रियंका इंगळे मूळची धारूरशेजारच्या केज तालुक्यातील. तिची खेळातील जडणघडण मात्र पुणे परिसरात झाली. जिल्ह्याला तिचा अभिमान वाटतो, तो रास्तच आहे. पण त्या अभिमानासोबत एक प्रश्नही येतो. तिचे कुटुंब गावीच राहिले असते, तर ती विश्वचषकापर्यंत पोहोचली असती का?

क्लीव्हलंडला त्याच्या कापसाच्या रानातील मुलगी सापडायला ४१ वर्षे लागली, कारण तेवढा काळ तिला शोधणारा संघच नव्हता. धारूरच्या किल्ल्याच्या सावलीत वाढणाऱ्या मुलींच्या बाबतीत ती प्रतीक्षा किती लांबवायची, हे विद्यापीठ, महाविद्यालये आणि शासन यांनी ठरवायचे आहे. निदान यंदाची निवड चाचणी टोळ्या गाव सोडण्यापूर्वी घेता आली, तरी सुरुवात झाली असे म्हणता येईल.