दैव हे पाचवे कारण

महाभारताच्या वनपर्वात यक्षाने युधिष्ठिराला जे प्रश्न विचारले, त्यांत एक प्रश्न जगातील सर्वांत मोठ्या आश्चर्याविषयी आहे. माणसे रोज मृत्यूच्या वाटेने जाताना दिसतात, तरीही मागे उरलेले स्वतःला चिरंजीव समजतात, हेच आश्चर्य, असे युधिष्ठिर सांगतो. जग अनित्य आहे, हे सत्य आपल्या परंपरेने कधी लपविले नाही. परंतु याच सत्याचा उपयोग पुष्कळदा चुका झाकण्यासाठी होतो.

हैदराबादमधील चिक्कडपल्ली परिसरात, आरटीसी क्रॉस रोड्सवर, जुनी चित्रपटगृहे आहेत. 4 डिसेंबर 2024 च्या रात्री तेथील संध्या चित्रपटगृहात ‘पुष्पा 2’ या चित्रपटाचा विशेष खेळ होता. नायक आल्याचे कळताच गर्दी उसळली. कुटुंबासह चित्रपट पाहण्यास आलेली 35 वर्षांची एक महिला चेंगराचेंगरीत मरण पावली आणि तिचा लहान मुलगा गंभीर जखमी झाला. दोन-तीन तासांच्या आनंदासाठी निघालेले घर कायमचे उणे झाले.

अशा वेळी ‘तिची वेळ भरली होती’ असे म्हटले जाते. दुःखिताचे सांत्वन म्हणून हे शब्द क्षम्य आहेत. घटनेचे कारण म्हणून मात्र ते अपुरे आहेत. एका चौरस मीटरमध्ये पाच-सहाहून अधिक माणसे दाटली, की कोणाचेही पाऊल स्वतःच्या इच्छेने पडत नाही. गर्दी पाण्यासारखी वाहू लागते. अशा घटनांतील बहुतेक मृत्यू पायाखाली तुडविले जाऊन होत नाहीत. छाती दाबली जाऊन श्वास कोंडतो आणि माणूस उभ्यानेही प्राण सोडतो. मागून ढकलणाऱ्याला पुढे काय घडते आहे याची कल्पनाही नसते.

भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायात कोणत्याही कर्माची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, करण, चेष्टा आणि दैव. अधिष्ठानाचा अर्थ अनेक भाष्यकार देह असा करतात. आपण तो कर्माची जागा असा विस्तारून पाहू. मग अरुंद वाट हे अधिष्ठान, आयोजक व जमलेले लोक हे कर्ते, दरवाजे, अडथळे व ध्वनिक्षेपक ही करणे आणि प्रत्यक्ष धावपळ ही चेष्टा. या चारही गोष्टी माणसाच्या हाती आहेत. दैव येते ते पाचवे, सर्वांत शेवटी. आपण मात्र मोजणी तेथूनच सुरू करतो.

हा विचार गोमंतकीयांना परका नाही. 3 मे 2025 च्या पहाटे शिरगावच्या श्री लईराई देवीच्या जत्रेत झालेल्या चेंगराचेंगरीत भाविकांनी प्राण गमावले. एकीकडे नटाच्या दर्शनाची ओढ, दुसरीकडे देवीवरील श्रद्धा. दोहोंची तुलना होऊ शकत नाही. पण दाटलेल्या गर्दीला हा भेद कळत नाही. छातीवर येणारा भार दोन्हीकडे सारखाच असतो.

जीवन क्षणभंगुर आहे, म्हणूनच ते जपण्याची वस्तू आहे. मातीचे भांडे आपण अधिक सांभाळून हाताळतो, ते फुटणारच म्हणून आपटत नाही. पहिली चार कारणे प्रामाणिकपणे तपासून झाल्यावर जे उरेल, तेवढेच दैवाच्या पदरी घालावे. तोवर हात जोडण्याआधी वाट मोकळी करणे, हाच धर्म.